झांबियाकाका आणि जोत्याची माती

आमच्या झांबियाकाकांना इथला एकही पक्षी पसंत नव्हता. वडिलांचे हे धाकटे भाऊ झांबियातल्या तांब्याच्या खाणीत चार वर्षं फिटर होते. परत येऊन वीस वर्षं झाली, तरी माणूस मनाने तिथेच. तारेवर बसून माश्या टिपणारा आपला साधा वेडा राघू कुणी दाखवला की म्हणायचे, “ह्यात काय बघायचं हाय? आमचा तिथला राघू बघ. अंग किरमिजी, डोकं निळं. नदीच्या दरडीत हजारांनी बिळं!”

ते राघू मोठ्या पक्ष्याच्या पाठीवर बसून हिंडतात आणि त्याच्या पायांतून उडालेले टोळ पकडतात, रानाला वणवा लागला की बाकीचे पळतात आणि हे मात्र धुरात शिरतात, हे मी किती वेळा ऐकलं असेल! दांडी गावात माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात त्यांनी हे सगळं तिच्या होणाऱ्या सासऱ्यांना ऐकवलं. वर, राघू मधमाशी कशी खातो ते दाखवायला हातातलं भजं टेबलाच्या कडेवर आपट आपट आपटलं. “नांगी झडली पायजे. मगच गिळायची.” बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही भजं मीच आपटलं होतं.

आम्ही बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचो. तारापूरच्या आमच्या जागेत घर बांधायला घेतलं, तेव्हा काका तिथेच पत्र्याच्या शेडमध्ये होते. नव्या घरातली पुढची हवेशीर खोली त्यांचीच ठरली होती. पावसाआधी जोतं भरून भिंती उभ्या करायच्या म्हणून चार डंपर माती टाकून घेतली. गवंडी गावच्या लग्नांत अडकला, माती पडून राहिली, आणि त्या ढिगाऱ्यात वेड्या राघूंनी बिळं केली.

गवंडी उगवला, तर काका ढिगाऱ्यापुढे खुर्ची टाकून बसलेले. “आत अंडी हायत. दीड महिना कोणी हात लावायचा नाय.”

“अहो काका,” मी म्हणालो, “हे इथले साधे राघू! तुम्हाला तर आवडतही नाहीत.”

“नाय आवडत. म्हणून काय मातीत गाडू?”

मी हात जोडले, आवाज चढवला. शेवटी म्हणालो, “पाऊस लागला तर काम वर्षभर लांबेल. तुमचीच खोली आहे ती.”

“मला पत्र्याची सवय हाय,” म्हणाले, आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसले. गवंडी कंटाळून दुसऱ्या कामावर निघून गेला.

पिल्लं उडाली तेव्हा जून लागला होता. काकांनी मला फोन केला. “पाच उडाली. आता कर तुझं काम,” जणू माझ्यावरच उपकार. दोन दिवसांत पाऊस आला आणि मातीचा चिखल झाला.

पावसाळाभर पत्रा गळत राहिला. बोईसरला चला म्हणून विनवलं, तर म्हणाले, “तुमालाच तिथे पाय पसरायला जागा नाय.” थंडीत छातीत कफ भरला, आणि त्याच पत्र्याखाली ते गेले.

पुढच्या वर्षी घर झालं. वास्तुशांतीला सगळे आले, पोटभर जेवले, पुढच्या खोलीतल्या वाऱ्याचं कौतुक करून गेले. मला मात्र सबंध दिवस एकाच माणसाशी कडाकडा भांडायचं होतं.