आईचा रविवार आणि माझी क्वेरी

मैत्रिणींनो, आज कामात एक गोष्ट दिसली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जालन्यातल्या ज्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर काम करते, तिथेच आई वॉर्डात मावशी आहे. तिथल्या हजेरीत रातपाळीची अख्खी ड्युटी सुरुवातीच्या तारखेलाच लागायची. शनिवारी रात्री आठ ते रविवारी सकाळी आठ, सगळं शनिवारात. आज मी क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती हवी तशी काढायची आज्ञा, लिहून अशी ड्युटी रात्री बारावर तोडली आणि प्रत्येक दिवसाची वेगळी ओळ केली.

तर आईच्या सुट्टीच्या रविवारीही हजेरी! क्वेरी चुकली असं वाटून मी तिला फोन केला.

"आई, रविवारी तुला सुट्टी असते ना?"

"असती की. पण सकाळपस्तोर पेशंटपाशी कोण राह्यतं मंग, तुझा कम्प्युटर?"

क्वेरी बरोबर होती. रविवारी घरी येऊन ती झोपते, उठेपर्यंत संध्याकाळ होते, आणि सोमवारी सकाळी पुन्हा दिवसपाळी. तिच्या आठवड्यात एकही ओळ रिकामी नव्हती. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही तिच्या या रातपाळ्यांवर मिळालेली. तरी मला हे आज दिसलं.

रिपोर्ट मेट्रन मॅडमना दाखवला. त्यांनी एकेका मावशीच्या ओळी बोटाने तपासल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून सुट्टीच्या आदल्या रात्री कुठल्याच मावशीला ड्युटी लावायची नाही."

आईला सांगितलं, तर ती गडबडलीच. "अगं बाई! मंग रविवारी दिवसभर करू काय मी?"

मैत्रिणींनो, तुमच्या आईला अख्खा मोकळा दिवस मिळाला, तर ती काय करेल? विचारलंय कधी?