आयसीयूतलं बारसं

परवा आमच्या बाळाचं बारसं झालं... पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये, आयसीयूत.

दादाचा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या मांडीवर लालसर डाग होता. जन्मखूण असेल, असं सगळेच म्हणाले. मग तो डाग फुगला, जांभळा, टणक झाला... आणि अंगभर रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागले.

रक्तवाहिन्यांचा दुर्मिळ ट्यूमर आहे, डॉक्टर म्हणाले. रक्तातल्या प्लेटलेट्स तो स्वतःतच अडकवून संपवतो. तुकडा काढून तपासावा तर रक्तस्राव थांबणार नाही, म्हणून एमआरआय बघूनच औषध सुरू केलं. ते लागू पडेलच, असं कुणी म्हणत नव्हतं.

कॉटवर वहिनीच्या नावाची पाटी होती, 'बेबी ऑफ स्नेहल'. आईचं म्हणणं, "घरी येऊ दे त्याला. पाळण्यात घालूनच नाव ठेवू."

वहिनी एवढंच म्हणाली, "आणि नाहीच आला तर, आई? बिननावाचा जाऊ द्यायचा?"

मग आयसीयूतच नाव ठेवायचं ठरलं.

बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने. म्हणजे मी. आणि मला हजार शंका... माझ्यामुळे इन्फेक्शन झालं तर? आईच्या मनाविरुद्ध करतेय का? डॉक्टरांना विचारलं, हात धुतले, परत धुतले, मास्क लावला. तरी पाय उचलेना.

शेवटी आईच म्हणाली, "जा. पण घाईत उरकू नकोस. कुर्रर्र नीट कर."

वहिनी माझ्यासोबत आत आली. नळ्या, वायरी चुकवत मी वाकले. "कुर्रर्र... ओजस." नंतर फक्त मॉनिटरचा आवाज...

मागून ड्यूटीवरच्या, उरणच्या सिस्टर म्हणाल्या, "आत्याच्या पाठीत धपाटा नाय? मंग हा कसला बारसा!" घरी असतो तर एव्हाना सगळ्या बायकांनी माझी पाठ बडवून काढली असती.

वहिनी कितीतरी दिवसांनी हसली. तिने एक धपाटा घातला, मग आणखी एक... मग हात तसाच माझ्या पाठीवर राहिला.

आज प्लेटलेट्स वाढलेल्या नाहीत. घसरल्याही नाहीत. सिस्टरनी पाटी बदलून 'ओजस' लिहिलंय, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

पुढचं काही माहीत नाही... पण आता देवाजवळ मागताना त्याचं नाव घेता येतं.