प्लास्टरकाकूंनी बसवलेले कनेक्टर

हाडांच्या दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत काकूंनी तीस वर्षं काढली. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालायचं आणि दीड महिन्याने ते कापून काढायचं. घालायला काय लागतं, असं त्या म्हणत. खरी परीक्षा कापताना. वरचं कडक कवच तोडायचं, पण आतल्या कातडीला ओरखडासुद्धा उठता कामा नये. गल्लीतली निम्मी हाडं त्यांच्या हाताखालून गेलेली, म्हणून सगळे त्यांना प्लास्टरकाकूच म्हणत. निवृत्त झाल्यावर नवराही चारचौघांत तसंच म्हणायला लागला, तेव्हा काकूंनी त्याला दोन दिवस बिनसाखरेचा चहा पाजला.

घर दुमजली. खाली हे दोघं, वर थोरले दीर आणि जाऊबाई. दीरांना वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं एकेका शब्दावर आलं. दिवस जायचा तो टीव्हीवरच्या फुटबॉलवर. केबल खांबावरून आधी खाली येई, तिथे तिला दोन फाटे फुटत आणि एक फाटा वर जाई. गेले काही महिने दोन्ही मजल्यांवर चित्र मध्येच फुटायचं आणि पडद्यावर नुसते चौकोन नाचायचे. केबलवाला तीनदा येऊन गेला. यायचा, टीव्हीमागची वायर पिरगाळायचा, चित्र यायचं. तो कोपऱ्यावरून वळला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"लाइन आधी तुमच्याकडे," जाऊबाई जिन्यातून ऐकवायच्या. "उरलंसुरलं आमच्या वाट्याला."

काकू ऐकून घ्यायच्या, पण ते त्यांना लागायचं.

एका दुपारी सामना रंगात आलेला असताना वरचं चित्र गेलं. दीरांनी डाव्या हाताने रिमोट भिंतीवर फेकला आणि तोंड फिरवून पडून राहिले. जाऊबाई रिमोटचं तुटलेलं झाकण हातात घेऊन जिन्यात आल्या, तेच दाखवून परत गेल्या. ते झाकण काकूंना टोमण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या टीव्हीमागची वायर ओढली, तर टोकाचा कनेक्टर अलगद हातातच आला. चष्मा लावून त्यांनी टोक निरखलं. वरचं काळं आवरण उंदराने कुरतडल्यासारखं, आणि आवरणाखालच्या धातूच्या जाळीचे केस मधल्या तांब्याच्या तारेला चिकटलेले.

"हे असं कापतात होय?" त्या म्हणाल्या. "मी असं कापलं असतं तर पेशंट टेबलावरून उठून पळाला असता."

"अगं, तुझा हात हाडांवर बसलेला," नवरा पेपरातून म्हणाला. "वायरीच्या वाटेला कशाला जातेस?"

"माणसं ओरडायची तरी माझा हात हलला नाही. वायर तर ओरडतही नाही."

विजेच्या सामानाच्या दुकानात त्यांनी ओढली तरी निघणार नाहीत असे कनेक्टर मागितले. दुकानदाराने दाबून बसवायचे कनेक्टर काढले. त्यासोबत वायर सोलायचं हत्यार आणि दाबायची जाडजूड पक्कड. कसं करायचं तेही दाखवलं. काकूंनी आणखी दोनदा करून दाखवायला लावलं.

"काकू, समोर दुकान टाकायचा विचार आहे का?" त्याने विचारलं.

घरी येऊन त्यांनी बैठक मारली. पहिल्या खेपेला पातं जास्त दाबलं गेलं, तांब्याला चीर पडली आणि तार तुटली. दुसऱ्या खेपेला जाळीचा एक केस आत राहिला, चित्र होतं त्याहून बिघडलं. तिसरा कनेक्टर पुरता आत गेलाच नव्हता, दाबल्यावर वाकडा बसला.

"तीन दगावले," नवरा म्हणाला. पण पेपर बाजूला ठेवून तो जवळ येऊन बसला आणि सामानाबरोबरचा कागद वाचायला लागला. "यात लिहिलंय, तांब्याभोवतीचा पांढरा भाग कनेक्टरच्या तळाशी सपाट दिसला पाहिजे. मग दाबायचं."

काकू थांबल्या. हात धुऊन आल्या. चूक त्यांच्या ध्यानात आली होती: जोर लावत होत्या. जोर नव्हे, मनगट लागतं. त्यांनी पातं हलकेच फिरवलं. आवरण टोपीसारखं निघालं. जाळी बोटाने मागे वळवली, एकेक केस निरखला, कनेक्टर आत ढकलला. पांढरा भाग तळाशी टेकला. पक्कड दाबली, कच्चकन आवाज झाला. ओढून पाहिलं, हलेना. खालची उरलेली टोकंही तशीच झाली आणि चित्र आरशासारखं लख्ख आलं.

वर मात्र चौकोन तसेच होते.

काकू हत्यारं घेऊन वर गेल्या. "वायर कपाटामागून जाते ना? कपाट सरकवू या."

जाऊबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हात लावला. कपाट सरकलं आणि दोघी पाहतच राहिल्या. कपाटाच्या पायाखाली वायर पापडासारखी चपटी झाली होती.

"रंगकाम झालं तेव्हा कपाट मीच लोटलं होतं इथे," जाऊबाई हळूच म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटलं. "आणि इतके महिने तुला बोलतेय."

"बोललात म्हणून तर शिकले."

"टॉर्च कुठे धरू ते सांग."

काकूंनी चपटा तुकडा कापून टाकला. वायर आखूड झाली, जेमतेम टीव्हीपर्यंत पोचली. जाऊबाई गुडघ्यावर बसून टॉर्च धरून होत्या, दीर मान वळवून बघत होते. कच्चकन आवाज झाला. काकूंनी कनेक्टर टीव्हीत फिरवून घट्ट केला आणि जाऊबाईंनी टीव्ही लावला.

मैदान दिसलं, एकही चौकोन नाही. दीरांचे ओठ हलले.

"गवत," ते म्हणाले. थोडं थांबून, "हिरवं."

जाऊबाईंनी टॉर्च विझवली आणि उगाच पदराने कपाट पुसायला लागल्या.

केबलवाला नंतर एकदा आला, बिल द्यायला. टोकं बघून त्याने विचारलं, "कोणाकडून करून घेतलंत?" जाऊबाईंनी सांगितलं, "आमच्या घरात माणूस आहे," आणि दार लावून घेतलं.

चित्र आलं त्या संध्याकाळी काकू वरच बसल्या होत्या. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. दीर डाव्या हाताने कोण कुठे पळतोय ते दाखवत होते आणि त्या मान डोलवत होत्या. खालून नवऱ्याने दोनदा हाक मारली, जेवायचं काय म्हणून.

"वर या भाऊजी," जाऊबाईंनी जिन्यातून सांगितलं. "ताटं चार मांडलीयेत."