रिकाम्या बारपासून सुरुवात

आई स्वयंपाकघराच्या दारात घसरून पडली तेव्हा घरात मी एकटीच होते. कुठे मोडलं नव्हतं, फारसं दुखतही नव्हतं, पण तिला उठता येईना. मी तिच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. ती वीतभर वर यायची आणि माझे हात सुटायचे. शेजारचे गावाला गेलेले. खाली वॉचमन फोन उचलेना. शेवटी आईच म्हणाली, "उशी दे आणि पेपर दे. कोणी येईपर्यंत वाचत पडते."

ती खरंच वाचत पडली. मी दार ते खिडकी, खिडकी ते दार अशी फिरत राहिले. लोणावळ्याचं घर बंद करून मीच तिला तळेगावला आणलं होतं. 'तिथे एकटी पडलीस तर उचलणार कोण?' असं म्हणून. बऱ्याच वेळाने वॉचमन वर आला, त्याने एका कुरिअरवाल्याला हाताशी घेतलं आणि दोघांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं.

त्यानंतर माझे हात स्वस्थ राहीनात. मी शिकवते त्या शाळेत मुलांची दप्तरं उचलून बघायचे. किराणा दुकानात तांदळाची गोणी दिसली की तिच्यावरचा आकडा वाचायचे. आईचं वजन चौपन्न किलो. मला चौपन्न किलो उचलता यायला हवे होते, आणि तेही लगेच.

वराळ्याच्या रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानावर जिम आहे. शाळा सुटल्यावर थेट तिथे गेले, साडीतच. तिथली ट्रेनर पंचविशीतली मुलगी. रोज पवनानगरहून जीपने आणि पुढे बसने यायची. मी तिला म्हटलं, "मला चौपन्न किलो उचलायचेत. किती दिवस लागतील?"

"आधी बार तर धरा, मावशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सलवार-कमीज घालून गेले. तिने रिकामा बार पुढे ठेवला, खाली दोन ठोकळे लावून. वजनाची एकही प्लेट नाही. मी तो सहज उचलला आणि म्हटलं, "हा काहीच नाही. पुढचं सांग."

"एकदा न्हाई. दहादा उचला. पाठ सरळ ठेवून."

सातव्या वेळेला पाठ वाकली. मला कळलं नाही, तिला दिसलं. तिने थांबवलं. "हितूनच सुरुवात. दहा वेळा नीट उचलता येईल तेच आपलं वजन. एकदा कसंबसं उचललं ते धरायचं न्हाई."

"आणि वाढवायचं कधी?"

"आठवड्यातनं तीन दिवस यायचं. तिन्ही दिवस नीट झालं की पुढच्या आठवड्याला थोडं."

मी मनात हिशेब केला. या चालीने पाच-सहा महिने. आई उद्या पडली तर? मी ट्रेनरला सगळं सांगितलं. पेपर वाचत पडलेली आई, ते माझे सुटणारे हात. माझा आवाज चढला होता. शेजारी डंबेल मारणारी दोन पोरं थांबून बघू लागली.

 ट्रेनर सरळ मॅटवर आडवी झाली आणि म्हणाली, "उचला मला. बघू."

मला जमलं नाही. मग मी आडवी झाले आणि तिने मला उचलायला घेतलं. तिने बसतं केलं, पण उभं करताना तिचाही तोल गेला आणि दोघी मॅटवर कोसळलो. ती हसली नाही. "मलाबी जड गेलं," ती म्हणाली. "माणूस बारसारखा न्हाई. धरायचं कुटं तेच कळत न्हाई." मग दम घेत तिने विचारलं, "आजी स्वतःहून खुर्चीतून उठतात का?"

"हात टेकून. कधी मी ओढते."

"मग त्यांचंबी सुरू करा की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले हरकत नाही, फक्त जवळ उभ्या राहा. घरी येऊन आईला सांगितलं. तिने चष्म्यावरून पाहिलं. "या वयात मी व्यायाम करू?"

"फक्त उठायचं आणि बसायचं. हात न टेकता."

तिला ते जमेना. मी बसायच्या जागेवर गोधडीची घडी ठेवली. तरी नाही. दुसरी घडी ठेवली. खुर्ची उंच झाली आणि आई हात छातीशी धरून उठली. तिला स्वतःलाच नवल वाटलं. दोन गोधड्या, तिथून तिची सुरुवात.

माझा बार हळूहळू जड होत गेला. पण स्वस्थता आली नाही. तास चालू असताना ड्रॉवरमधला फोन थरथरला की फळ्यावरचा माझा हात थांबतो. घरी पोचून कुलूप काढेपर्यंत कान आतच लागलेले असतात. आई पुन्हा पडलेली नाही, पण म्हणून पडणार नाही असं कोण सांगणार?

आता ती एकाच गोधडीवर आली आहे. परवा संध्याकाळी आठ वेळा उठून बसली आणि घामेजल्या चेहऱ्याने म्हणाली, "ही पण काढ. मला होतंय."

"शेवटची दोन वेळा तू पुढे झोकांडलीस."

"एकदा काढून तर बघ."

"पुढच्या आठवड्यात बघू, आई."

ती चिडली. खुर्चीत बसल्या बसल्या तिने स्वतःच गोधडी ओढायला सुरुवात केली. गोधडी तिच्या अंगाखाली अडकलेली, निघेना. ती काढायची तर आधी उठायला हवं होतं. ती उठली, हात न टेकता, आणि गोधडी पलंगावर फेकली. मी दोन्ही हात पुढे करून तिच्या समोर जाऊन उभी राहिले.