चढावरची उचकी

इस्पितळाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या पलीकडे, कपाटाहून थोडी मोठी अशी एक खोली होती. भिंतींना जाड फोम लावलेला. दार बंद केलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यायचं. या खोलीबाहेर बसून कानवाल्या बाई बावीस वर्षं लोकांचे कान तपासत होत्या. आत माणूस हेडफोन लावून बसायचा, बाई बाहेरून बारीक सूर सोडायच्या, ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं. काही न ऐकता बटण दाबणारे पुष्कळ असत. बाई त्यांना बोलत नसत. त्या सूर सोडणंच थांबवत, आणि माणूस दाबत राही.

बाईंच्या वडिलांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती. त्यांनी ही तपासणी कधी करून घेतली नव्हती. "मला नीट ऐकू येतं, लोकच हल्ली हळू बोलतात," असं ते ओरडून सांगत.

बाईंनी एका दंतवैद्याकडून तीन वर्षं वापरलेली छोटी टर्बो गाडी घेतली. दंतवैद्य सभ्य होता. किल्ली देताना म्हणाला, "इंजिनाचं थोडं सेटिंग केलंय." पडदे बदललेत म्हणावं अशा सुरात म्हणाला. म्हणजे काय, ते बाईंना तिसऱ्या दिवशी टँकरला ओलांडताना कळलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवरची फाइल मागच्या सीटवर गेली.

नवरा नकाशे काढण्याच्या कचेरीत होता. जपून बोलायचा. फाइल उचलून तो म्हणाला, "ही गाडी आपल्या वयाची नाही."

"तीन वर्षांची आहे," बाई म्हणाल्या.

महिन्याभराने गाडीची उचकी सुरू झाली. इस्पितळाकडे जाताना एक लांब चढ होता. तिथे पाय दाबला की गाडी जोरात निघायची आणि मधेच एक बारीक 'ठक्' व्हायचं. नवऱ्याला काही जाणवलं नाही. गुडघ्याच्या व्यायामासाठी रोज बरोबर येणारे बाबा मात्र म्हणाले, "एक सिलेंडर मधेच गप्प बसतोय."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"त्यात ऐकायचंय काय?" बाबांचा तळहात डॅशबोर्डवर होता.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे 'होऊन जाईल' म्हणत, कारण तो दुसरं काही म्हणत नसे. त्याने चारही स्पार्क प्लग काढले. टोकं खडूसारखी पांढरी पडली होती, वर बारीक कण चिकटलेले. "पेट्रोल खराब," तो म्हणाला, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या नंबरचेच नवे प्लग घातले. "होऊन जाईल."

झालं नाही. आठवड्यात उचकी परत आली. येताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज घेऊन आली.

गावाबाहेर गाड्यांचे प्रोग्रॅम बदलून देणारा एकजण होता. त्याने हाताची घडी न सोडता सगळं समजावलं. "तुमचा टर्बो मूळच्यापेक्षा जास्त हवा कोंबतो. आग वाढते, प्लगचं टोक लाल होतं, आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. थंड प्लग घाला. थंड म्हणजे उष्णता पटकन बाहेर काढणारा. पुस्तकापेक्षा दोन पायऱ्या थंड."

मेकॅनिकने तसे मागवले. बाईंनी खोक्यावरचा तक्ता वाचला, मग खोकं उलटं करून पुन्हा वाचला. मूळ प्लगच्या कंपनीत आकडा चढला की प्लग थंड. या कंपनीत आकडा चढला की प्लग गरम. मेकॅनिक दोन पायऱ्या गरम प्लग घालायला पान्हा हातात घेऊन उभा होता.

"हे घातले असते तर?" बाईंनी विचारलं.

त्याने इंजिनाकडे पाहिलं. "होऊन गेलं असतं," तो म्हणाला.

बरोबर नंबरचे प्लग आले. गाडी चढावर अशी सुटली की नवऱ्याने डोळे मिटून घेतले. अकरा दिवस सगळं उत्तम चाललं. बाराव्या दिवशी दुपारी, इस्पितळाच्या गेटच्या तोंडाशी, गाडी बंद पडली आणि चालूच होईना. मागे अधीक्षकांची गाडी होती.

"हॉर्न वाजतोय का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग तो मागचा हातवारे कशाला करतोय?"

ढकलून बाजूला घेतलेल्या गाडीतून प्लग निघाले ते काजळासारखे काळे. घर ते इस्पितळ चार किलोमीटर, वाटेत आठ सिग्नल. एवढ्यात इतका थंड प्लग कधी तापतच नव्हता, आणि तापल्याशिवाय त्याच्यावरची काजळी जळत नव्हती. बाईंनी हाताची घडी घालणाऱ्या त्या प्रोग्रॅमवाल्याला, म्हणजे घडीवाल्याला, फोन केला.

"हायवेवर रोज अर्धा तास दामटवत जा," तो म्हणाला.

"मी कामावर जाते हो."

"मग इंजिन कशाला बदललं?"

"मी नाही. दंतवैद्याने."

त्या रविवारी सकाळी बाई वही घेऊन मेकॅनिककडे गेल्या. प्लग एकच पायरी थंड घ्यायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. प्रश्न राहिला फटीचा. प्लगच्या दोन टोकांमधली फट ठिणगीला ओलांडावी लागते. फट मोठी असली तर टर्बोच्या दाबाने ठिणगी विझते, वाऱ्यात काडी विझावी तशी. फार लहान असली तर ठिणगी दुबळी पडते आणि गाडी उभ्या जागी थरथरते. नेमकी किती, हे मेकॅनिकला माहीत नव्हतं. घडीवाल्याला माहीत होतं, पण त्याने तीन वेळा तीन आकडे सांगितले.

कान तपासताना सूर ऐकू आला की दहा डेसिबल उतरायचं, नाही आला की पाच चढायचं; नेमकी हद्द सापडेपर्यंत. बाईंनी तेच केलं. बाबांना शेजारी बसवलं, त्यांचा तळहात डॅशबोर्डवर.

पहिल्यांदा पुस्तकातली फट, आठ दशांश मिलिमीटर. चढाच्या मध्यावर बाबा म्हणाले, "आली."

परत येऊन इंजिन निवेपर्यंत तासभर थांबायचं. मग मेकॅनिकने मधल्या नाजूक टोकाला धक्का न लावता बाहेरचं टोक वाकवायचं, बाईंनी ठरावीक जाडीच्या पात्या सरकवून फट मोजायची. सहा दशांशाला चढावर उचकी नव्हती, पण सिग्नलला स्टिअरिंग कापायला लागलं. "चढावर शहाणी, उभी राहिली की म्हातारी," बाबा म्हणाले. बाईंनी थोडं चढायचं ठरवलं: साडेसहा.

या फेरीत बाबा काहीच बोलले नाहीत. सिग्नललाही नाही, चढावरही नाही. वर पोचल्यावर बाईंनी विचारलं, "बाबा?"

"काय?"

"आली का?"

"आली असती तर बोललो नसतो?"

बाईंनी वहीत लिहिलं. त्या दिवशी त्यांनी दोनदा मुद्दाम, उचकी नसताना, अॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलला होता. दोन्ही वेळा बाबा म्हणाले होते, "हा तुझा पाय." इतका खरा रुग्ण बाईंना बावीस वर्षांत मिळाला नव्हता.

"बाबा, उद्या दहा वाजता माझ्याकडे एक खुर्ची रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

बाबांनी डॅशबोर्डवरचा तळहात काढून घेतला. "बटण किती जोरात दाबायचं असतं?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून खोलीत बसले. बाईंनी सूर सोडले. खालचे जाड सूर बाबांनी पाठोपाठ टिपले. वरचे बारीक सूर सुरू झाले तसं बटण थांबलं. बाईंनी आवाज वाढवत नेला, तरी दारातल्या काचेपलीकडे बाबा अंगठा तयार ठेवून शांत बसले होते. कागदावर रेघ उतरत गेली. आपला स्वतःचा आवाज त्या रेघेच्या पलीकडे, बाबांना ऐकू न येणाऱ्या भागात पडतो, हे बाईंना बघूनच कळलं. त्यातून या खोलीने त्यांना हळू बोलायची सवय लावली होती. त्यांनी कागदाची घडी केली, दार उघडलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, झालं."

"ओरडतेस कशाला?" बाबा म्हणाले, आणि मग त्यांना हसू आलं.

कानाचं यंत्र त्यांनी घेतलं. घरात लावतात. गाडीत बसताना काढून खिशात ठेवतात, त्याने इंजिन नीट कळत नाही म्हणून.

पाच हजार किलोमीटरनंतर प्लग पुन्हा उघडून पाहिले. टोकं फिक्या मातकट रंगाची होती, म्हणजे जशी हवीत तशी. मेकॅनिकने चारही ओळीने फडक्यावर मांडून त्यांचा फोटो काढला. हल्ली तो संशयास्पद इंजिनासमोर फोन धरून बाईंना ऐकवतो. फोनवर खालचे सूर येत नाहीत, गाडी घेऊन या, असं बाई दरवेळी सांगतात.

मागच्या रविवारी नवऱ्याने न विचारता गाडीची किल्ली घेतली. कोपऱ्यावरून शिसपेन्सिली आणतो म्हणाला. पन्नास मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचे केस मागे उडालेले होते. पेन्सिली विसरला होता. बाईंनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि त्याला चहा दिला.