तलावाची रीत

काल नव्या फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल किरकिरलं आणि वडील आठवले. जळकोटकडच्या तलावात ते थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं टाकायचे. काठावरच तराफ्यावर मांडी घालायची आणि हातानं पाणी मागं सारत निघायचं, ही तिथली रीत. एकदा धाकट्या भावानं आम्हाला कोकणात नेलं आणि त्यांच्यासाठी मासेमारीची कयाक, म्हणजे प्लास्टिकची अरुंद होडी, भाड्यानं घेतली. होडीवाला म्हणाला, "आधी लाटेकडं तोंड करून आत ढकला, मग बसा." "लई पाणी बघितलंय म्या," म्हणत वडिलांनी काठावरच होडीत मांडी घातली. पहिल्याच लाटेनं होडी आडवी करून उलटवली. तोंडात वाळू, धोतर सुटलेलं, वडील रांगत बाहेर येत होते आणि भाऊ मोबाइल धरून उभा होता. मी त्यांच्याकडं धावत ओरडलो, "आरं, हात दे की त्यांना!" "थांब की, शूटिंग करायलोय," तो हसत म्हणाला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ ग्रुपवर सगळ्या भावकीनं बघितला. गावी येताच वडिलांनी तराफा उकिरड्यावर टाकला, तलावाकडं पुन्हा फिरकले नाहीत. ते वारले तेव्हा श्रद्धांजली म्हणून भावानं स्टेटसला तोच व्हिडिओ ठेवला. अजून त्याचा फोन येतो. मी वाजू देतो.