दार बंद, आत काही नाही

तीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्याने केलेलं काम हातात घ्यायचं आणि यात खोट कुठे आहे तेवढंच शोधायचं, हा माझा धंदा. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी मला एक भिंग भेट दिलं. त्यांनी ते गमतीत दिलं होतं, मी ते सन्मानचिन्ह म्हणून घेतलं.

निवृत्तीनंतर आमच्या नदीवरच्या एका प्राणी-संरक्षण योजनेची नोंदींची शीट ठेवायचं काम मी अंगावर घेतलं. इथल्या नदीकाठी वॉटर व्होल नावाचा, उंदरासारखा पण गुबगुबीत जीव बिळं करून राहतो. त्याचा काळ म्हणजे मिंक. हा मुंगसासारखा अमेरिकन प्राणी इथे कोटांच्या फरसाठी आणला, पिंजऱ्यांत वाढवला, आणि त्यातले काही निसटून नदीला लागले. आता फर कोणाला नको आहे, पण मिंक आहेच. म्हणून पाण्यावर छोटे तराफे बांधून ठेवतात. तराफ्यावरच्या ओल्या मातीत मिंकचे ठसे उमटले की तिथे पिंजरा लावायचा. एकदा सापडलेला मिंक पुन्हा सोडणं इथे गुन्हा आहे. त्याला मारावं लागतं.

ते काम आमच्या भागात एक म्हातारे गृहस्थ करायचे. पंच्याहत्तरीचे, एकटे. बायको गेल्यापासून सकाळी उठायला ही नदी एवढंच कारण उरलंय, असं त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं होतं. पिंजऱ्याचं दार पडलं की फोनवर मेसेज येतो, पण त्यांच्याकडे तसला फोन नव्हता. म्हणून मेसेज माझ्या फोनवर यायचा. मी सातला उठून त्यांना लँडलाइनवर कळवायची, मग ते जायचे आणि काय मिळालं ते संध्याकाळी मला सांगायचे. मी लिहायची.

पहिल्या हिवाळ्यात त्यांना चार मिंक मिळाले. दुसऱ्या हिवाळ्यात एकही नाही. दार पडायचं, ते जायचे, आणि संध्याकाळी तेच उत्तर: दार बंद, आत काही नाही. एखाद वेळी वाहत आलेल्या काटकीने दार पडतं, मान्य. पण सहा वेळा? आणि मातीत ठसे तर ताजे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मग मी त्यांच्याकडे टेस्टरच्या नजरेनं बघायला लागले, आणि त्या नजरेला काही ना काही सापडतंच. ते फोनवर उत्तर द्यायला जरा थांबतात. थंडीत कानांवर पट्ट्या येणारी फरची टोपी घालतात. टोपीबद्दल विचारलं तर म्हणाले, आईच्या जुन्या कोटाची शिवून घेतलीय. हे खरं कशावरून? मी एकदा मुद्दाम विचारलं, "पिंजऱ्यात केस वगैरे काही सापडले?"

"सापडले, थोडे," ते म्हणाले.

"मग प्राणी गेला कुठे?"

"ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले.

सांगता येणार नाही! मला वाटलं, धरला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते मला कळलं होतं: म्हाताऱ्यांना आता मारवत नाही, ते मिंक सोडून देतात आणि माझ्या शीटमध्ये खोटं भरतात. मी सगळ्या तारखा लावून योजनेच्या कोऑर्डिनेटरला तीन पानी ईमेल लिहिली. काम चोख केल्याचा आनंद झाला, हेही कबूल करते. आठवड्यात त्यांना पिंजरे परत करायला सांगण्यात आलं. ते एका दुपारी सगळे धुऊन, पुसून देऊन गेले. कारण विचारलं नाही की भांडले नाहीत. मी त्यावरूनही निष्कर्ष काढला.

त्यांच्या जागी एक शाळेतली शिक्षिका आली. पहिल्याच आठवड्यात तिचा निरोप आला: दार बंद, आत काही नाही.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मी दिवसभर शिक्षिकेवर संशय घेऊन बघितला, पण तो काही केल्या बसेना.

त्यानंतर एकदा दाढ ठणकत होती म्हणून साडेपाचला जाग आली. एरवी माझ्या कानाशी नगारे वाजवले तरी मी उठत नाही. खाली किचनमध्ये आले. चार्जिंगला लावलेल्या फोनवर मेसेज दिसत होता, दार पडल्याचा. नवरा घरात नव्हता. तो पहाटे फिरायला जातो हे मला ठाऊक होतं, पण दारातली गाडीही नव्हती. मी कोट चढवला आणि चालत नदीवर गेले.

तो गुडघ्यावर बसून रिकामा पिंजरा, दार पुन्हा पाडून, तराफ्यावर परत ठेवत होता. खांद्यावर आमचा जुना टॉवेल.

"अगं, तू कशाला आलीस थंडीची?" तो म्हणाला. "झालं काम. मोटरवेच्या पलीकडच्या ब्रिजपाशी सोडून आलो. आजचं चांगलं बिग साइझ होतं."

पुण्यात आमच्या दोघांच्याही घरी असंच चालायचं. पिंजऱ्यात उंदीर सापडला की त्यावर फडकं टाकायचं, दुसऱ्या पेठेत न्यायचा आणि तिथे सोडून द्यायचा. मारायचं नाही. त्या पेठेतले लोक बहुधा त्यांचे उंदीर आमच्याकडे आणून सोडत असणार, पण तो विचार कोणी केला नाही. नवऱ्याने तेच केलं होतं, फक्त मध्ये एम-फोर मोटरवे ओलांडला होता.

"किती वेळा?" मी विचारलं.

"या हिवाळ्यात ऑलमोस्ट दर वेळी. ज्या दिवशी ते मारतात त्या दिवशी तू जेवत नाहीस. म्हटलं, आपण परस्पर डील करू." मग माझा चेहरा बघून, "का गं?"

त्या ईमेलबद्दल मी घरी चकार शब्द काढला नव्हता. आता सांगितलं. तो तिथल्या ओल्या बाकावर बसला. मला त्याचा राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि ती माझी होती.

त्याच दिवशी मी म्हाताऱ्यांकडे गेले. त्यांनी आत बोलावलं, चहा केला. मी सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलंय असं काही दिसलं नाही.

"मेसेज तुमच्या घरी यायचा," ते म्हणाले. "मला सात वाजता कळायचं. त्याआधी कोणाला कळत होतं? तिसऱ्या वेळीच लक्षात आलं. मला वाटलं, तुम्हीच. शाकाहारी आहात, मारणं सोसत नसेल, आणि सांगायला संकोच वाटत असेल. कळलं असतं तर तुमच्यावर केस झाली असती. म्हणून गप्प बसलो." कप खाली ठेवून ते म्हणाले, "मग तुमची तक्रार आली."

म्हणजे तक्रारीपासूनचा दीड महिना या माणसाच्या लेखी मी मिंक सोडत होते, आणि पकडलं जाऊ नये म्हणून आळ त्यांच्यावर ढकलत होते. मी सांगितलं की मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी कप उचलून धुवायला नेले.

घरी येऊन मी कोऑर्डिनेटरला दुसरी ईमेल लिहिली, नवऱ्याच्या नावासकट. नाव घालायचं हे त्यानेच सांगितलं. त्याला लेखी ताकीद मिळाली. म्हाताऱ्यांना माफी मागून परत बोलावण्यात आलं आणि ते आले. त्यांनी एकच अट घातली: मेसेज दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर जावा.